जामीन

उम्म अल हस्सम, मनामा
शुक्रवार, ८ मे १९९८

प्रिय वेन्डू,

बंदरावर शेंगा सोलत बसलेल्या त्या म्हातारीने तुझ्या हातात सुकेळ्यांचा पुडा दिला असेल, तर मी आले होते हे तुला कळलंच असेल. दिला नसेल, तर आता ऐक. मी आले होते. एकवीस एप्रिलला, मंगळवारी, ठरल्याप्रमाणे तुझ्या त्रानीत उतरले, ठरलेल्या जागी आले आणि ठरलेल्या वेळी तुझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर उभी राहिले. तू तीन वाजल्यापासून वाट बघत होतीस, हे मला कुणी सांगायला नको. मी बघत होते. हे पत्र फाडून टाकावंसं वाटलं तर तो तुझा हक्क आहे. तुझी दोन पत्रं मीही न उघडता परत पाठवली होती. पण मी पुढे का आले नाही ते आधी वाच, आणि मग काय फाडायचं ते फाड.

जानेवारीत मी तुला लिहिलं ते प्रेमाचा उमाळा आला म्हणून नव्हे, हे तू ओळखलं असणारच. सहा वर्षं तुझं नाव निघालं की माझं डोकं फिरायचं. पण डिसेंबरात आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेअखेर क्लिनिक बंद करणार, आणि माझा व्हिसा क्लिनिकचा. मार्कसच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नाही. म्हणजे मी आणि नायजेल भुईगावला आईकडे, आणि मार्कस सित्राला कंपनीच्या कॅम्पमध्ये आठ जणांच्या खोलीत. पंधरा वर्षं इथे राबून शेवटी पुन्हा आईच्याच ओटीवर जाऊन बसायचं, या विचाराने माझी झोप उडाली. तेव्हा तुझी आठवण झाली. गरज पडली तेव्हा आठवण झाली, असंच म्हण, मी नाही म्हणणार नाही. आणि तू? एका शब्दाने टोमणा न मारता वीस दिवसांत उत्तर पाठवलंस. ताई, ये, इथे एका आजीबाईंना सोबत हवी आहे, राहायला खोली देतील, माझे कागद झाले आहेत, तुझेही होतील. पत्र क्लिनिकच्या पत्त्यावर मागवलं होतं, त्यामुळे घरी कुणाला पत्ता लागला नाही. मी ते ड्रेसिंग रूममध्ये उभ्या उभ्या चार वेळा वाचलं.

तेवढ्यात चर्चमध्ये यात्रेचं निघालं. ईस्टरनंतर दहा दिवस, आधी रोम, मग डोंगरावरचं एक तीर्थ, मग समुद्राच्या कडेने बारी, आणि वाटेत अर्धा दिवस त्रानी. फादरांनी वेदीवरून ते नाव वाचलं तेव्हा माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. मार्कसला मी म्हटलं, एवढं एकदा जाऊन येते, मग गावी गेल्यावर कुठलं रोम आणि कुठलं काय. तो बरं म्हणाला. यात्रेचं सगळं इनास लोपीस बघत होते. ते ग आपले निर्मळचे, हॉटेलात हिशेबाला आहेत ते. त्यांनी प्रत्येकाकडून एक कागद मागितला. मागे कुठल्याशा यात्रेत दोघं जण तिकडेच राहिले होते, म्हणून आता प्रत्येकाला इथे मागे राहणारा जामीन हवा. माणूस परत आला नाही तर जामीनदाराच्या कंपनीला कळवणार. तुला हे नवीन नाही. मार्कसने जेवणाच्या टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या, चष्मा लावला आणि सही केली. मी समोर बसून भाकरीचा तुकडा मोडत होते. त्या क्षणी माझ्या बॅगेत काय काय होतं ते तुला सांगते. माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट, नायजेलचा जन्मदाखला, त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला, आणि आमच्या लग्नाचा. कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यातून ओरिजिनल काढून मी साडीच्या घडीत ठेवले होते. दहा दिवसांच्या यात्रेला जाणारी बाई नवऱ्याला सांगून जपमाळ नेते, जन्मदाखले नेत नाही.

म्हणजे मी तुला नुसती भेटायला येत नव्हते. मी राहायला येत होते. पाच वाजता बस सुटणार होती आणि तिच्यात माझी सीट रिकामी राहणार होती. तू केलंस तेच, त्याच गावात, त्याच माणसाच्या सहीवर. आणि याच गोष्टीसाठी मी तुला सहा वर्षं शिव्या घातल्या होत्या.

त्या शिव्या कशाच्या होत्या, हेही लिहायला हवं, कारण तुला सगळं माहीत नाही. ब्याण्णवच्या जुलैत तू ज्यांची मुलं सांभाळायचीस त्या घरच्या लोकांबरोबर सुट्टीसाठी इटलीला निघालीस, तेव्हा त्यांनी जामीन मागितला आणि मार्कस राहिला. तू परत आली नाहीस, तसा त्या साहेबांनी मार्कसच्या मॅनेजरला फोन केला. मार्कसचा पासपोर्ट सगळ्यांसारखाच कंपनीच्या लोखंडी कपाटात. त्याला जामिनाचा तो कागद टाचणीने लावून ठेवला आणि सांगितलं, मुलगी येईपर्यंत रजा नाही. फेब्रुवारीत गावाहून तार आली की मामंजी गेले. मार्कस तार घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. त्या माणसाने कपाट उघडलं, पासपोर्ट काढला, टाचणी लावलेला कागद त्याला दाखवला आणि पुन्हा आत ठेवला. वेन्डू, तो थोरला मुलगा होता. गावात मामंजींची पेटी उचलली तेव्हा तो सित्राला व्हॉल्व तपासत होता. घरी आला, अंघोळ केली, दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म स्वतः इस्त्री केला आणि झोपला. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सेत मामंजींचं नाव वाचलं, तेवढंच. पासपोर्टवरचा कागद निघायला चौदा महिने लागले. तुझी पत्रं त्याच काळात आली. मी पाकिटावरचं तुझं अक्षर बघितलं आणि तशीच पोस्टात टाकली. मार्कस मात्र तुझ्याबद्दल बरंवाईट कधीच बोलला नाही. तुझा विषय निघाला की उठून बाल्कनीत जायचा. मला वाटायचं, हा राग माझ्या रागापेक्षा मोठा आहे, त्याला शब्दही पुरत नाहीत. आणि मी त्याच्या वाटणीचंही बोलून घ्यायचे.

आता त्या मंगळवारचं. आम्ही दीडच्या सुमारास पोचलो. तुझं गाव सुंदर आहे ग. मी चिडलेली असते तरी हे लिहिलं असतं. ते मोठं देऊळ, कॅथीड्रल म्हणायचं, अगदी समुद्राला खेटून उभं, भरतीला पाणी पायरीवर येईल असं वाटतं. पांढऱ्या दगडात थोडी गुलाबी झाक, आणि मनोऱ्याच्या पोटातून आरपार रस्ता. पलीकडे किल्ला. एकतीस माणसांच्या आमच्या घोळक्यातली निम्मी वसईची, त्यांनी लगेच आपल्या किल्ल्याशी तुलना सुरू केली. आपल्याकडे असतं तर भिंतीतून वड आले असते, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. गाईड बाईने सांगितलं की या किल्ल्यात आत्ताआत्तापर्यंत तुरुंग होता. मी तेवढंच लक्षात ठेवलं. मग तिने त्या देवळाच्या संताची गोष्ट सांगितली. ग्रीसहून आलेला पोरसवदा माणूस, खांद्यावर क्रूस, तोंडात एकच वाक्य, किरिये एलेइसोन. आपण मिस्सेत ‘हे प्रभू, दया कर’ म्हणतो तेच. लोक त्याला वेडा म्हणून हाकलायचे, मारायचे. इथे आला आणि थोड्याच दिवसांत मेला, आणि मग याच गावाने त्याच्यासाठी एवढं मोठं देऊळ बांधलं. मला तुझी आठवण आली. तूही अशीच आली असशील, एक पिशवी आणि त्यांच्या भाषेतले चार शब्द घेऊन. तुला कुणी दार उघडलं, कुणी लावून घेतलं, मी कधी विचारलंच नाही.

पासपोर्ट इनासकाकांकडे. एकतीसच्या एकतीस, काळ्या चेनच्या पिशवीत, पिशवी पोटाला पट्ट्याने बांधलेली. झोपताना तरी काढतात की नाही, देव जाणे. मी त्यांना म्हटलं, ट्रॅव्हलर्स चेक वटवायचा आहे, बँकेत पासपोर्ट मागतात. खोटं बोलताना मी नेहमी जास्त बोलते, तुला माहीत आहे. मी चामड्याची पर्स, नायजेलचे बूट, आईसाठी जपमाळ, अशी यादीच सुरू केली. त्यांनी मला थांबवून वहीत माझं नाव आणि वेळ लिहिली आणि पासपोर्ट दिला. “पाचला बस. पाचला दहा कमी असताना हा माझ्या हातात पाहिजे, रेजिना. मार्कस जामीन आहे तुझा,” ते म्हणाले. हसत म्हणाले, पण मला ते हसणं कानशिलावर बसल्यासारखं लागलं. या क्लिनिकला लागल्यापासून नऊ वर्षांत, विमानतळावरची रांग सोडली तर, पहिल्यांदा माझा पासपोर्ट माझ्या हातात होता. क्लिनिकमध्ये तो डॉक्टरांच्या तिजोरीत असतो. मी तो पदराखाली धरला आणि चालू लागले.

आणि तुझं गाव बंद! मला कुणी सांगितलं नव्हतं की तिकडे दुपारी सगळं बंद असतं. बँक बंद, दुकानं बंद, खिडक्यांना लाकडी फळ्या. बहरीनलाही दुपारी एक ते चार दुकानं मिटतात, पण रस्त्यावर गाड्या तरी असतात. तुझ्याकडे चिटपाखरू नव्हतं. त्या गुळगुळीत दगडांवर माझ्या सॅंडलचा आवाज एवढा घुमत होता की मी दोनदा मागे वळून बघितलं. माझी भीती अशी होती की इनासकाका कुठूनतरी येतील आणि म्हणतील, बँक तर बंद आहे, मग तू कुठे चाललीस. मनगटावरचं घड्याळ मी बहरीनच्या वेळेवरच ठेवलं होतं, नायजेल शाळेतून आला असेल का, जेवला असेल का, ते कळावं म्हणून. त्यात चार वाजले होते, म्हणजे तुझ्याकडे तीन. तू आली असशील. आणि पाचची बस म्हणजे माझ्या घड्याळात सहा. संध्याकाळी सहालाच मार्कसची कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर येते. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती आणि नायजेल वरच्या मजल्यावर जुबैदाभाभींकडे झोपायला जायचा. मी इकडे बस सोडणार आणि नेमका त्याच मिनिटाला तो तिकडे डबा घेऊन बसमध्ये चढणार, हे एकदा डोक्यात आलं ते जाईना.

बंदराच्या रस्त्यावर ते एक जुनं छोटं चर्च आहे, पुढे कमानी असलेलं, तिथे मी थांबले. तू लिहिलं होतंस, ओळखायला सोपं जावं म्हणून आईचं लुगडं खांद्यावर घेईन. लाल चौकडीचं. मला वाटलं होतं शोधावं लागेल. कसलं शोधायचं! त्या पांढऱ्या गावात ते लाल लुगडं पाव मैलावरून दिसत होतं. तू जाळ्यांच्या ढिगाशेजारी उभी होतीस, केस कापलेले, आईसारखी कंबरेवर हात ठेवून. अगदी आई. माझे पाय आपोआप चालू लागले. मी कमानीतून बाहेर एक पाय टाकला, आणि तेवढ्यात तुझ्या पायाशी काहीतरी हललं. एक मूल. तीन वर्षांचं असेल. कुरळे केस इतके की मुलगा की मुलगी कळेना. तू पत्रात आजीबाईंबद्दल लिहिलंस, खोलीबद्दल लिहिलंस, तिथे टोमॅटो कसे लावतात तेसुद्धा लिहिलंस. त्याच्याबद्दल एक ओळ नाही. मी तो पाय मागे घेतला.

रागाने नव्हे. फक्त दम घ्यायला. मला वाटलं, दोन मिनिटं बघते आणि मग जाते. त्या दोन मिनिटांत रस्त्याच्या टोकाला एक गणवेशातला माणूस आला. साधा ट्रॅफिकवाला असेल. तू त्याला माझ्या आधी बघितलंस. काही घाई न करता तू खाली वाकलीस, मुलाला कडेवर घेतलंस, लुगडं डोक्यावर ओढलंस आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिलीस, जणू त्याला बोटी दाखवते आहेस. तो गेला. तू वळलीस, मुलाला खाली सोडलंस. पंधरा मिनिटांनी दोघं पोलीस कॉफी पिऊन गप्पा मारत गेले. पुन्हा तेच. लुगडं, समुद्र, बोटी. मी घड्याळ बघितलं, पाच वाजून गेले होते, म्हणजे तुझे चार. माझ्या तळहातातला पासपोर्ट घामाने ओला झाला होता. जा, जा, असं मी स्वतःलाच म्हणत होते. आणि मग तिसऱ्यांदा निळ्या शर्टातला एक माणूस आला. तुझं लक्ष दुसरीकडे होतं, तू माझ्या वाटेकडे बघत होतीस. मूल चार-पाच पावलांवर दगड गोळा करत होतं. त्याने मान वर केली, निळा शर्ट बघितला, हातातले दगड टाकले आणि धावत येऊन तुझ्या मांडीत तोंड खुपसलं. तू त्याला बोलावलं नव्हतंस. तो पोस्टमन होता, वेन्डू. खांद्याला पत्रांची पिशवी होती.

तुझे कागद झालेले नाहीत. तू माझ्याशी खोटं बोललीस आणि ते का बोललीस तेही मला कळलं. एकटीने कंटाळा आला होता तुला. तुला तुझं माणूस हवं होतं, आणि खरं लिहिलं असतंस तर मी आले नसते. मी रागावलेली नाही. पण त्या कमानीत उभं राहून मला नायजेल दिसत होता. आज ना उद्या मी त्याला तिथे बोलावून घेणार होते. फुटबॉल खेळताना पोस्टमन बघून बॉल टाकून धावत येणारा नायजेल. मी तुझ्याकडे आले असते, तू गळ्यात पडली असतीस, मग मला बस दिसली नसती, घड्याळ दिसलं नसतं, मार्कस दिसला नसता. एवढी ओळखते मी मला. म्हणून मी पुढे आले नाही. भित्रेपणा म्हण, मला चालेल.

कमानीशेजारी खुर्ची टाकून एक म्हातारी वालासारख्या हिरव्या शेंगा सोलत होती. आईने तुझ्यासाठी पाठवलेला सुकेळ्यांचा पुडा मी तिच्या हातात दिला आणि लुगड्याकडे बोट दाखवलं. आईला मी काही सांगितलं नव्हतं हं, नुसतं म्हटलं होतं यात्रेत वाटायला दे, तर तिने दोन पुडे केले आणि एकाला लाल दोरा बांधला. का बांधला ते तिला विचारायची माझी छाती झाली नाही. म्हातारीने माझा हात धरून ठेवला, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग तुझ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, आणि सगळं कळलं. मी हात सोडवला आणि धावले. त्या दगडांवरून सत्तर किलोच्या वरची बाई धावते आहे हे बघायला गावात कुणी नव्हतं ते बरं. बस सुरू होती. इनासकाका दारात उभे होते, पिशवीची चेन उघडी. त्यांच्या घड्याळात पाचला तीन कमी होते. मी पासपोर्ट दिला. चेक वटला का, असं त्यांनी विचारलं नाही. वहीतल्या माझ्या नावापुढे फुली मारली आणि म्हणाले, चल, बस. बारीपर्यंत सगळ्यांनी जपमाळ म्हटली. मी नुसते ओठ हलवले.

बहरीनला विमानतळावर मार्कस आणि नायजेल आले होते. नायजेल त्याच्या इंग्रजीत किल्ल्यांबद्दल विचारत होता, तोफा होत्या का, तुरुंग होता का. मार्कसने बॅग घेतली आणि यल्ला, चला, म्हणून चालू लागला. आठवडाभर मी बॅग उघडलीच नाही. गेल्या शुक्रवारी मिस्सेहून आल्यावर उघडली, साडीच्या घडीतून दाखले काढले आणि बिस्किटांचा डबा खाली घेतला. मला वाटलं तो पेपर वाचतो आहे. मान वर न करता तो म्हणाला, “ठेवलेस परत? बरं झालं.”

मी खुर्चीवर बसले. तो जामिनाच्या कागदावर सही करायच्या आदल्याच दिवशी त्या डब्यात कंपनीची पगाराची चिठ्ठी ठेवायला गेला होता. दाखले नाहीत हे त्याने बघितलं होतं. बघून सही केली होती. मी रडायला लागले, मग ओरडायला लागले, की माहीत होतं तर मला थांबवलं का नाहीस, एवढा कसला तू धोंडा. तेव्हा त्याने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, वेन्डीला तरी कुठे थांबवलं होतं.

वेन्डू, त्याला माहीत होतं. ब्याण्णवलाही माहीत होतं. त्या घरात तुला खिळ्याएवढी जागा नव्हती म्हणून तुझी पेटी आमच्या कपाटावर असायची आणि आईचं लुगडं त्यात. जायच्या आधीच्या शुक्रवारी तू आलीस, मी स्वयंपाकघरात होते, आणि तू लुगडं काढून पिशवीत भरताना त्याने बघितलं. दोन महिने दुसऱ्यांची पोरं सांभाळायला जाणारी मुलगी सणाचं लुगडं कशाला नेईल, एवढं त्या धोंड्याला कळलं आणि मला नाही. त्याने तुझं मनगटही बघितलं होतं. इस्त्रीचा तो डाग मीही बघितला होता, ग. विचारलं होतं. तू चुकून लागलं म्हणालीस आणि मी ते धरून चालले, कारण त्या घरात तुला मीच लावून दिलं होतं. त्याने काही विचारलं नाही. तुझ्या पिशवीची अर्धवट राहिलेली चेन त्याने ओढून लावली आणि त्याच संध्याकाळी जाऊन सही केली. मी म्हटलं, मग मला सांगायचं होतंस. तर म्हणे, तुझ्या पोटात काही राहतं का, तू चर्चच्या गेटवरच बोंब मारली असतीस, आणि जाणूनबुजून सही केली हे कंपनीला कळलं असतं तर नोकरीच खलास. तुझं नाव काढलं तर खरं बोलावं लागेल, म्हणून तो उठून बाल्कनीत जायचा. मी मामंजींचं विचारलं. तो म्हणाला, बाबा जातील हे मला कुठे ठाऊक होतं, ठाऊक असतं तर सही केली असती का, ते मला आजही सांगता येत नाही. पण केलेल्या सहीचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. आणि मग त्याने सहा वर्षांत पहिल्यांदा तुझ्याबद्दल काही विचारलं. वाळली आहे का, असं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, पोस्टमनसकट.

म्हणून हे पत्र. आमच्यामुळे तू येत नसशील, भावोजींना काय तोंड दाखवू म्हणून तिथे भिंतीकडे तोंड करून जगत असशील, तर ते कारण आता उरलेलं नाही, हे तुला कळायला हवं होतं. यायचं की नाही ते तू ठरव. मुलाचा बाप कोण, कुठे, मी विचारणार नाही. मी आणि नायजेल बारा जूनला भुईगावला जातोय, मार्कस नाताळपर्यंत इथे राहून मग येईल. यायचं असेल तर रोमला आपल्या वकिलातीत जा. तिथे ओळख पटवायला कुणीतरी लागतं म्हणतात, म्हणून पाकिटात एक कागद ठेवला आहे. मार्कसने मनामात टायपिस्टकडून करून घेतला आणि वर शिक्काही मारून आणला. वेन्डी ही माझ्या बायकोची सख्खी बहीण आहे, तिची आणि तिच्या मुलाची सगळी जबाबदारी माझी, असं त्यात आहे. खाली त्याची सही आहे, तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. टायपिस्टने मुलाचं नाव विचारलं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग मार्कसने त्याला सांगितलं, तेवढी जागा मोकळी सोड, ती भरेल. लांबलचक नाव असलं तरी मावेल एवढी जागा सोडली आहे.

तुझीच,
ताई